जुनं टेबल ऑनलाइन घेतलं: माल झकास, ॲप ठीकठाक

वापरलेल्या सामानाच्या जाहिरातींच्या ॲपवरून लिहायचं टेबल घेतलं. टेबलावर मी बेहद्द खूश आहे, ॲपवर तेवढी नाही.

विकून झालेल्या वस्तूंच्या जाहिराती तशाच पडून असतात. मापं कुणी टाकत नाही. ‘अस्सल लाकूड’ लिहिलेलं निम्म्या वेळा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेली फळी) निघतं, आणि ते पाण्याने एकदा फुगलं की पुन्हा सपाट होत नाही. म्हणून मी आधी पायांच्या तळाचा आणि मागच्या बाजूचा फोटो मागते. टाळाटाळ केली की विषय संपला. न बघता ‘टोकन पाठवा, ठेवून देतो’ म्हणणाऱ्यांनाही लांबूनच नमस्कार.

या टेबलाचा ड्रॉवर मी पूर्ण बाहेर काढून उलटा केला. (मालक जरा चपापले.) पुढची फळी आणि बाजू एकमेकींत खाचा पाडून बसवलेल्या, स्टेपल एकही नाही. वरच्या फळीचे रेषे कडेवरही सलग दिसत होते, म्हणजे वरून चिकटवलेला पापुद्रा नव्हे. एका पायाला टाचणीएवढी भोकं होती, पण ठोकून पाहिल्यावर पिठासारखी भुकटी पडली नाही. कीड जुनी असावी. घासाघीस करायला तेवढा मुद्दा पुरला.

गादीचं काही मात्र मी इथून घेणार नाही. शिवणीतले ढेकूण फोटोत दिसत नाहीत.

पाय स्क्रूचे असल्याने जिन्यातून आणताना त्रास झाला नाही.