ऑटोरन्स : न विचारता सुरू होणाऱ्या प्रोग्राम्सची झडती

विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' यादीत सगळं बंद केलं, तरी लॅपटॉप चालू केला की मागे काही ना काही चालूच असतं. कारण त्या यादीत मुख्यतः रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातल्या) 'रन' नोंदी आणि स्टार्टअप फोल्डर एवढंच दिसतं. अपडेटर मंडळी शिरतात ती शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) किंवा सर्व्हिस (पडद्याआड चालणारा प्रोग्राम) होऊन. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातलं 'ऑटोरन्स' हे चोरदरवाजेही दाखवतं.

फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. झिप उघडून ६४ बिटची फाइल 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करायची. नाहीतर सर्व्हिसेसवरची टिक काढायला, म्हणजे त्या बंद करायला, गेलात की 'अ‍ॅक्सेस डिनाइड'.

पहिल्यांदा उघडल्यावर ओळींचा पूर बघून दडपायला होतं. आधी 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये 'व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स' लावा, मग 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज'. सही, म्हणजे फाइल खरंच कोणाची हे सांगणारी डिजिटल खूण, न तपासता ही गाळणी लावली, तर कंपनीच्या रकान्यात नुसतं 'मायक्रोसॉफ्ट' लिहून बसलेली लबाड फाइलही नजरेआड होते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही, काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचं खरकटं. गुलाबी ओळीची सही पटलेली नाही. पण छोट्या डेव्हलपर्सची चांगली सॉफ्टवेअरही गुलाबीच दिसतात, लगेच व्हायरस म्हणून ओरडू नका.

नको त्या ओळीची टिक काढा, 'डिलीट' करू नका. टिक काढली की नोंद बाजूला ठेवली जाते, पुन्हा लावता येते. डिलीटला अनडू नाही. सुरुवातीलाच 'फाइल'मधून यादी सेव्ह केली, तर महिन्याभरानं 'कम्पेअर'मध्ये नवे पाहुणे हिरवे दिसतात. आणि टिक काढल्यानं आत्ता चालू असलेला प्रोग्राम थांबत नाही, रीस्टार्ट हवाच.

मोठी उणीव म्हणजे काय बंद करावं याबद्दल हे सॉफ्टवेअर अवाक्षर काढत नाही. 'ड्रायव्हर्स' (कॉम्प्युटरचे भाग चालवणारे प्रोग्राम) या टॅबमध्ये चुकीची टिक काढली, तर विंडोज सुरूच न होण्याची पाळी येऊ शकते. टचपॅडची नोंद बंद केली, तर दोन-तीन बोटांच्या खुणा जाऊ शकतात. ब्राउझरचा अपडेटरही राहू द्या, सुरक्षेचे अपडेट त्याच वाटेनं येतात.

काही चॅट अ‍ॅप्स उघडताक्षणी स्वतःची नोंद पुन्हा घालतात. मग एकाच नावाच्या दोन ओळी दिसतात, एक टिक असलेली, एक नसलेली. अशांना आधी त्यांच्याच सेटिंगमध्ये 'स्टार्टअपला सुरू करा' हा पर्याय बंद करून आवरायचं, टिक नंतर.

क्रोम आणि एज बंद केल्यावरही मागे रेंगाळतात, ते ऑटोरन्सच्या हाताबाहेरचं. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टम' इथे 'कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड अ‍ॅप्स' बंद करा. एजमध्ये तसाच पर्याय 'सिस्टम अँड परफॉर्मन्स'खाली आहे, जोडीला 'स्टार्टअप बूस्ट'ही.