पोट आणि मेंदूची सीटी अँजिओग्राफी: एका तपासणी केंद्राचा अनुभव

थोरल्या भावाच्या पोटातील धमनीला फुगा आल्याचे कळल्यावर डॉक्टरांनी सेगमेंटल आर्टेरियल मीडिओलायसिस या दुर्मीळ विकाराची शंका व्यक्त केली, म्हणून आम्ही पुण्यातील एका केंद्रात पोट व मेंदू या दोन्हींची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी स्कॅन तपासणी) करून घेतली. १९७६ साली प्रथम वर्णिलेल्या या विकारात धमनीच्या मधल्या थरातील स्नायुपेशी नष्ट होत जातात आणि दुबळी झालेली भिंत जागोजागी फुगते किंवा चिरते; आतडी, यकृत व मूत्रपिंडाच्या धमन्यांबरोबर कधी मेंदूतल्या धमन्याही यात सापडतात.

कॉन्ट्रास्टचे (रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये ठळक दिसाव्यात म्हणून दिल्या जाणाऱ्या द्रवाचे) इंजेक्शन देण्यापूर्वी, मूत्रपिंडे नीट काम करतात का हे सांगणारा क्रिएटिनिनचा अहवाल आवर्जून पाहिला गेला, हे मला भावले. त्याहून मोलाचा ठरला तो रेडिओलॉजिस्टचा अहवाल. प्रत्येक फुग्याचे माप मिलिमीटरमध्ये देऊन, हे चित्र रक्तवाहिन्यांच्या दाहासारखे दिसत असले तरी तो भेद पक्का करूनच स्टेरॉइडचा विचार व्हावा, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. दाह नसलेल्या या विकारात स्टेरॉइडने अपाय होण्याचीच भीती असते. प्रतीक्षागृह मात्र कोंदट होते, आणि सीडीसाठी (तीही पैसे आधीच भरलेले असताना) दोन हेलपाटे घालावे लागले.