येवल्याची पैठणी, सोलापुरात घेतलेली

धाकटीच्या लग्नात नेसायला नवी पेठेतून पैठणी घेतली. येवल्याची, हातमागावरची, 24,500 रुपयांना. जांभळा रंग, मुनियाचा म्हणजे छोट्या पोपटांचा काठ, अंगभर बुट्टी, पदरावर मोर. सहा महिन्यांत तीनदा नेसले, आता लिहिते.

त्याआधीच्या दुकानात थोडक्यात वाचले. "घ्या की काकू, अस्सल हातमाग आहे," म्हणत पदर समोर धरला. म्हटलं, भाऊ, जरा उलटा करा. मागे मोराच्या पिसाऱ्यावर कापलेल्या धाग्यांचे नुसते झुपके! यंत्रमागाची सेमी पैठणी होती ती. सेमी घेण्यात वाईट काही नाही, बारशा-मुंजीला मीही नेसते. पण हातमागाची म्हणून गळ्यात मारायची, हे पाप आहे.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या मागावर बसायचे. शाळेतून आले की मी कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, भरायची. चादरीत आडवा धागा नेणारा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ पळतो. पैठणीच्या पदरात तसं नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी. हिरवा जिथे संपतो तिथे शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. जमीन जरीची, नक्षी रेशमाची, आणि एकेक ओळ अशी हातानं भरायची. भरगच्च पदराला महिने लागतात ते यामुळे. आणि म्हणूनच पदर उलटसुलट सारखा दिसतो. घरी आणल्यावर मी मोराच्या मानेवर मागून नख फिरवलं, कुठे म्हणजे कुठे अडकलं नाही. काठावरच्या एका मुनियाची चोच मात्र बाकीच्यांपेक्षा जराशी आखूड आहे. ती मला पाठ झालीय. साडी हातात घेतली की आधी तीच शोधते.

नेसायला भारी नाही. निऱ्या बसतात, खांद्यावर पदर सरकत नाही. उन्हात जांभळ्यातून लाल झाक मारते, कारण उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या.

साडीतली जर टेस्टेड आहे, म्हणजे तांब्याच्या तारेची, अस्सल चांदीची नाही. दुकानदाराने ते स्वतःहून सांगितलं, हे मला फार आवडलं. साडीला शुद्ध रेशमाची खूण असलेला सिल्क मार्क होता, पण केंद्र सरकारने 2006 साली सुरू केलेला, हातमागाची खूण असलेला हँडलूम मार्क नव्हता. मग बिलावर "हातमाग, टेस्टेड जर" असं लिहून मागितलं. कुरकूर न करता दिलं. तुम्हीही मागा, नाही म्हणाले तर उठा.

नाराजी एकाच गोष्टीची. फॉल-पिको दुकानातूनच करून घेतलं, तर धागा इतका ओढून शिवला होता की काठाला चुण्या पडल्या. एवढं हाताचं काम, आणि त्यावर अशी शिलाई! घरी सगळा फॉल उसवला आणि सैल टाक्यांनी पुन्हा लावला. दोन दुपारी गेल्या. आता काठ सरळ पडतो.