डॉली की राल्फ? ब्लूग्रासची सुरुवात कुठून करावी

ब्लूग्रास, म्हणजे बँजो, मँडोलिन, फिडल (व्हायोलिन) अशा तंतुवाद्यांवरचं अमेरिकन लोकसंगीत, कधी ऐकलं नाही, एकच अल्बम सांगा, असं कुणी म्हटलं की मी दोन नावांत अडकतो. एक, डॉली पार्टन यांचा १९९९ चा 'द ग्रास इज ब्लू'. दुसरा, राल्फ स्टॅनली यांचा २००२ चा, त्यांच्याच नावाचा. दोघंही गायक, पूर्व अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतले. डॉली टेनेसीच्या, बारा भावंडांतल्या चौथ्या. राल्फ व्हर्जिनियाच्या डिकन्सन काउंटीतले. दोन्हींत फिडलवर स्टुअर्ट डंकनच आहेत, पण अल्बम एकमेकांपासून फार लांबचे.

डॉलींचा अल्बम वाजवणाऱ्यांसाठी ऐकावा. मँडोलिनवर सॅम बुश, डोब्रोवर जेरी डग्लस. डोब्रो म्हणजे आडवी धरून, तारांवरून लोखंडी पट्टी सरकवत वाजवायची गिटार. तिचे सूर घसरत येतात आणि डॉलींच्या आवाजाला बिलगतात. 'सिल्व्हर डॅगर' जरूर ऐका. आई हातात चांदीचा खंजीर घेऊन शेजारी झोपली आहे आणि मुलगी प्रियकराला हलक्या आवाजात परत पाठवते आहे. मात्र ब्लूग्रासबाहेरच्या बिली जोएल, जॉनी कॅश यांचीही गाणी इथे आहेत, आणि ध्वनिमुद्रण अगदी चकचकीत आहे. मातीचा खरखरीतपणा हवा असेल तर तो इथे कमीच सापडेल.

तो राल्फ यांच्याकडे आहे. अल्बम आला तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. बँजो त्यांनी आईकडून उचलला आणि त्यावरच नाव कमावलं. इथे तो बाजूला ठेवून ते फक्त गातात. लहानपणी प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या ज्या चर्चमध्ये ते वाढले तिथे वाद्यंच नसत. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती लांबवत उचलायची. तो ताण त्यांच्या गळ्यात शेवटपर्यंत राहिला. 'लिटल मॅथी ग्रोव्ह' हे मूळ ब्रिटनमधलं, काही शतकं जुनं कथागीत. उमरावाची बायको, तिचा तरुण प्रियकर आणि घरी परतलेला नवरा. गाण्यात दोघांचे जीव जातात, पण राल्फ आवाज चढवत नाहीत की हळवा करत नाहीत. घडलं तसं सांगत जातात. मला हेच जास्त हलवतं.

घरात सगळ्यांसोबत लावायचं असेल, बँजो-मँडोलिनचा वेग अनुभवायचा असेल तर डॉलींपासून सुरू करा. बहुतेकांना मी तेच सुचवतो. ख्याल ऐकायची सवय असेल, एका आवाजावर तासभर टिकता येत असेल, तर थेट राल्फ. रात्री, हेडफोन लावून, गाण्यांचा क्रम न बदलता.