एमएस: रोजची कॅप्सूल की सहा महिन्यांनी सलाईन?

रिलॅप्स-रेमिटिंग एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस: शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते; या प्रकारात लक्षणं मधूनच उफाळतात, म्हणजे रिलॅप्स, आणि मग ओसरतात) आहे आणि न्यूरोलॉजिस्टने ‘डायमिथाइल फ्युमरेट किंवा रितुक्सिमॅब, विचार करून सांगा’ म्हणून घरी पाठवलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी आधी फ्युमरेट (रोजच्या कॅप्सूल) घेतलं, आता रितुक्सिमॅबवर (सहा महिन्यांनी शिरेतून सलाईन) आहे.

फ्युमरेटची बाजू लंगडी नाही. सोरायसिससाठी जर्मनीत फ्युमरेटं १९९०च्या दशकापासून वापरात आहेत, म्हणजे अनुभव दांडगा. सुई नाही, हॉस्पिटल नाही. अधूनमधून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून लिम्फोसाइट्स (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बघायचे, ते फार खाली जाऊन तिथेच राहिले तर डॉक्टर औषध थांबवतात. माझे ठीक होते. पोटही पहिल्या काही आठवड्यांनंतर सावरलं.

मला नडली ती लाली. कॅप्सूल घेतली की थोड्या वेळात कान, गाल, मान लालबुंद, वर आग आणि खाज. बहुतेकांची हळूहळू जाते म्हणतात; माझी कमी झाली, गेली नाही. नुसत्या चहा-बिस्किटावर घेतली तर हमखास यायची. म्हणून सकाळी पोह्यांवर सढळ तेल, रात्री भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी. पोटात थोडी चरबी असली की जरा बरं. पण नाश्ता उरकून ऑफिसला पोचावं तर कोणीतरी विचारणारच, “बीपी दाखवलंत का?” एमएसबद्दल तिथे कोणाला सांगितलेलं नव्हतं. आजार चारचौघांत दिसत नव्हता, औषध दिसत होतं. त्यात मे महिना. एमएसमध्ये अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात, त्यामुळे ही आग कॅप्सूलची की उन्हाची, याच विचारात सकाळ जायची.

रितुक्सिमॅब बी पेशींनाच, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, हटवतं. आधी हिपॅटायटिस बी, टीबी, इम्युनोग्लोब्युलिनच्या (रक्तातल्या अँटिबॉडी) तपासण्या, मग डे-केअरमध्ये जवळपास अख्खा दिवस. पहिल्या वेळी घसा खवखवला, सिस्टरनी ड्रिपचा वेग कमी केला, थांबलं. त्यानंतर पुढच्या तारखेपर्यंत औषधाची आठवणही होत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

आकडेही थोडे याच बाजूला आहेत. स्वीडनमधल्या रिफंड-एमएस चाचणीत (२०२२) ही दोनच औषधं समोरासमोर होती: दोन वर्षांत रिलॅप्स रितुक्सिमॅबवर सुमारे ३ टक्के रुग्णांना, फ्युमरेटवर १६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये एमएससाठी रितुक्सिमॅब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. डॉ. रेड्डीज्‌ने २००७मध्येच त्याचं बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतंजुळतं औषध) आणलं, म्हणून आपल्याकडे ते आवाक्यात तरी आहे. मात्र एमएससाठी वापर ‘ऑफ-लेबल’ (त्या आजारासाठी अधिकृत मंजुरी नसताना), तेव्हा विमा कंपनी शंका काढू शकते. डॉक्टरांचं पत्र आधीच घेऊन ठेवा. तरी माझ्या पॉलिसीत डे-केअर बसतं, महिन्याच्या कॅप्सूल बसत नव्हत्या.

उणी बाजूही आहे. सर्दी-खोकला आता जास्त रेंगाळतो, आणि वर्षं जातात तशी इम्युनोग्लोब्युलिन उतरू शकतात. वारंवार छातीचा संसर्ग होणाऱ्याने, किंवा ज्यांना लाली येतच नाही त्यांनी, फ्युमरेटवरच राहावं असं मला वाटतं. मूल हवं असेल तर दोन्हींची गणितं वेगळी आहेत, ती डॉक्टरांसमोरच मांडा. आणि सलाईनकडे कल असेल तर राहिलेल्या लसी पहिल्या डोसच्या काही आठवडे आधी घेऊन टाका. बी पेशी गेल्यावर लस नीट लागत नाही.