ब्रोकोलीच्या अंकुरांच्या कॅप्सूल : तक्त्यात न सापडलेले विकर

आईला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाल्यापासून अन्नातील वनस्पतिजन्य संयुगांविषयी हाती लागेल ते मी वाचत आले आहे, आणि त्याच ओढीने ब्रोकोलीच्या अंकुरांच्या भुकटीच्या ६० कॅप्सूलची बाटली मागवून दोन महिने रोज एक घेतली.

बाटलीवर ठळक अक्षरांत ‘सल्फोराफेन’ लिहिले आहे; ब्रोकोलीतले हेच संयुग कर्करोगाविरुद्ध उपयोगी मानले जाते. मागच्या तक्त्यात मात्र केवळ ग्लुकोराफॅनिनची, म्हणजे ज्यापासून ते बनते त्या संयुगाची, मात्रा दिली आहे. हा फरक क्षुल्लक नाही. भाजी चिरली किंवा चावली की पेशी फुटतात, मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोराफॅनिनला भिडते आणि तेव्हा कुठे सल्फोराफेन तयार होते. उष्णतेने निकामी होणाऱ्या या विकराचा तक्त्यात उल्लेखच नाही. एक कॅप्सूल उघडून भुकटी जिभेवर ठेवली, तर वाळक्या गवतासारखी चव लागली. ताजे अंकुर चावताना मोहरीसारखा जो झणका नाकात जातो, तो आलाच नाही. चव म्हणजे प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे, आणि आतड्यातील जिवाणूही थोडे रूपांतर करतात, हे खरे. परंतु त्याचे प्रमाण माणसागणिक बदलते. उत्पादकांना विकराविषयी लेखी विचारले, तेव्हा उत्तरात जाहिरातीतलाच मजकूर आला.

‘कर्करोगापासून संरक्षण’ हा उत्पादकांचा दावा मला अधिक खटकला. चीनमधील छीतोंग येथे २९१ जणांना १२ आठवडे अंकुरांचे पेय दिल्यावर हवेतून शरीरात गेलेल्या बेंझिन या कर्करोगकारक प्रदूषकाचे लघवीवाटे उत्सर्जन ६१ टक्क्यांनी वाढले, हा निष्कर्ष खरोखर आशादायक आहे. पण त्यातून कर्करोग टळल्याचे सिद्ध होत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरील चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन (गाजरासारख्या भाज्यांतले नारिंगी रंगद्रव्य) गोळीतून घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्के अधिक झाल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले. भाजीतले संयुग वेगळे काढून गोळीत भरले की गुण तेवढेच उरतात, असे त्यानंतर कोणी सहज म्हणू नये.

बाटलीचे वेष्टन चांगले आहे, मुदतीची तारीख स्पष्ट आहे आणि मला पोटाचा त्रास झाला नाही. तरीही विकराची नोंद होईपर्यंत ही बाटली मी पुन्हा घेणार नाही. सध्या ब्रोकोली बारीक चिरून थोडा वेळ तशीच ठेवते आणि मग दोन-तीन मिनिटेच वाफवते. आईचे उपचार सुरू असल्याने तिला कॅप्सूल देण्याआधी डॉक्टरांना विचारले होते. त्यांनी नको म्हटले, म्हणून तिला एकही दिली नाही.