रिफ्लेक्सॉलॉजी, काशाची वाटी की फिजिओथेरपी? पाय कुणाच्या हाती द्यायचा

नवरात्र संपली की बडोद्यात टाचा कुरकुरायला लागतात. नऊ रात्री अनवाणी गरबा, तोही मातीच्या मैदानावर. मग एका सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. घरात लगेच तीन सल्ले तयार असतात. शेजारचे काका रिफ्लेक्सॉलॉजीच्या दहा सिटिंगचं पॅकेज सुचवतात, आजी तळपाय घासायला फडताळातून काशाची वाटी काढते आणि भाची फिजिओथेरपिस्टचा नंबर पाठवते. तिघेही पायालाच हात घालणार, पण तिघांचं काम एक नाही. म्हणून निवड करताना उपचाराच्या नावापेक्षा आपल्याला नेमकं काय होतंय ते आधी बघावं.

तळपायाचा एकेक भाग दाबला की शरीराच्या त्या त्या अवयवाला गुण येतो, असा रिफ्लेक्सॉलॉजीचा दावा. अनेक ठिकाणी ती ‘हजारो वर्षांची पौर्वात्य विद्या’ म्हणून सांगितली जाते. आजचं तिचं रूप मात्र अमेरिकेत घडलं. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले आणि १९१७ साली ते पुस्तकरूपाने मांडले. १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते सगळं तळपायावर उतरवलं. या नकाशात बोटं म्हणजे डोकं, चवडा म्हणजे छाती, मधला खोलगट भाग म्हणजे पोट, टाच म्हणजे कटिभाग आणि तळव्याची आतली कड म्हणजे पाठीचा कणा. यकृत उजव्या पायावर, हृदय डाव्या. अ‍ॅक्युप्रेशर वेगळं. त्यात अंगभर पसरलेल्या चिनी नाड्यांवरचे बिंदू दाबतात. आपल्याकडे पाटी एकाची आणि हात दुसऱ्याचा, असं सर्रास चालतं. पाटीवर ‘अ‍ॅक्युप्रेशर’ लिहिलेलं असतं आणि भिंतीवर टांगलेला असतो तळपायाचा रंगीत नकाशा.

सिटिंग साधारण ४५ मिनिटं ते तासभर चालतं. आधी कोमट पाण्यात पाय, मग घोटा फिरवून आणि बोटं ओढून पाय सैल करतात. त्यानंतर खरं काम सुरू होतं. अंगठा पहिल्या पेरात वाकवून सुरवंटासारखा एकेक दाणा पुढे सरकवत पूर्ण तळवा चालून जायचा. चांगला हात तेल फार लावत नाही, कारण तेलकट पायावर अंगठा घसरतो. दाब इतकाच असावा की ‘दुखतंय पण हवंसं वाटतंय’ असं म्हणता येईल. पाय आपोआप मागे खेचला गेला, तर दाब जास्त झाला. काही जण लाकडी काडी वापरतात, आणि दुसऱ्या दिवशी निळे डाग उमटतात ते बहुधा त्या काडीने. ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतायत’ हे त्याचं ठरलेलं स्पष्टीकरण. ते डाग म्हणजे त्वचेखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या, बाकी काही नाही.

खरी अडचण दाबात नाही, नकाशात आहे. टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला बोट दाबल्यावर कळ आली तर नकाशा म्हणतो, कटिभागात दोष आहे. गरबा खेळलेल्या माणसाच्या बाबतीत तिथे बहुतेक वेळा तळव्याचा जाड पडदा, प्लांटार फॅशिया, टाचेच्या हाडाला चिकटतो तिथेच दुखावलेला असतो. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या बुंध्याशी, चवड्यात, खडा रुतल्यासारखं वाटतं आणि बोटांत झिणझिण्या येतात, तेव्हा नकाशा छातीकडे बोट दाखवतो. तिथे सापडते ती दबून जाड झालेली नस, मॉर्टन्स न्यूरोमा. चप्पल रुंद केली तरी निम्मं काम होतं. म्हणजे तळवा दुखतो तो स्वतःसाठी, आणि आपण पोटाची सोनोग्राफी करत बसतो.

मग लोकांना बरं वाटतं ते खोटं का? अजिबात नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एका गटाला रिफ्लेक्सॉलॉजी दिली आणि दुसऱ्याला नुसतं पायाचं मालिश. दुखणं दोन्ही गटांचं चांगलंच कमी झालं, आणि सारखंच. बिंदू कुठला, याने फरक पडला नाही. फरक पडला तो बहुधा कुणीतरी निवांतपणे पाय हातात घेतला म्हणून. ऑस्ट्रेलियात सरकारी आढाव्यात ठोस पुरावा न मिळाल्यामुळे १ एप्रिल २०१९ पासून सरकारी सवलत मिळणाऱ्या खाजगी आरोग्य विम्यातून रिफ्लेक्सॉलॉजी वगळली गेली. झोप लागत नाही, डोकं शिणलंय, दिवसभर काउंटरवर उभं राहून पाय भरून आलेत, अशा वेळी ती जरूर घ्या. मधुमेह, थायरॉइड, किडनी स्टोन यांसाठी मात्र घेऊ नका, आणि कुणी गोळ्या बंद करायला सांगितल्या तर पाय तिथेच वर उचलून घ्या.

आता काशाची वाटी. आरामापुरतं बोलायचं तर आमचं झुकतं माप हिलाच. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२. बडोद्यात मांडवीकडच्या भांड्यांच्या दुकानात ‘वाटकी’ मागितली की कधी पितळेचीही पुढे येते. पितळ सोन्यासारखं पिवळं, कासं त्याहून फिकट आणि राखट. टिचकी मारल्यावर काशाचा नाद लांबतो. काठ बोटाने चाचपून पाहा, धार लागता कामा नये. आणि जपून, कासं ठिसूळ असतं, लादीवर पडलं तर तडकतं.

एका पायाला छोटा चमचाभर तूप किंवा तिळाचं तेल पुरे. आधी तळहाताने पसरवा, मग वाटीचं गोल बूड तळव्यावर टेकवून टाचेकडून बोटांकडे लांब हात आणि खोलगट भागात गोल फिरवा. दहा ते पंधरा मिनिटं. तूप काळं पडतं आणि घरातलं कुणीतरी ‘बघ, किती उष्णता होती’ म्हणतं. तेच तूप नुसत्या हाताने चोळा, काळं होत नाही. ते काळं वाटीचं आहे, घासून निघालेल्या धातूचं, आणि वाटी फिरवल्याचा आराम त्यामुळे कमी होत नाही. शेवटी बेसन लावून कोमट पाण्याने पाय धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, ओलं राहिलं की तिथे बुरशी धरते. सुती मोजे घातल्याशिवाय वडीलधाऱ्यांना उठू देऊ नका. मालिशाने इजा क्वचितच होते, तुपकट पायाने कोटा फरशीवर घसरून मात्र खुबा मोडू शकतो. पार्लरमधल्या फिरत्या काशाच्या थाळीचं यंत्रही हेच काम करतं. फक्त कुठे दुखतंय ते यंत्राला कळत नाही, आणि थाळी दोन गिऱ्हाइकांच्या मधे धुतली जाते का, ते बघून घ्यावं.

तिसरा पर्याय, फिजिओथेरपी, कंटाळवाणा आहे, पण सकाळच्या पहिल्या पावलाची कळ असेल तर तोच घ्या. यात दोन व्यायाम महत्त्वाचे. पहिला पलंगावरून उतरण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, बोटं हाताने नडगीकडे ओढा, तळव्यात ताठ झालेली दोरी दुसऱ्या हाताला लागली पाहिजे. दहा अंक मोजा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा जिन्याच्या पायरीवर. बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, चवडा कडेवर, कठडा धरून एका पायावर टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत वजन घालून दहा वेळा, चार फेऱ्या. या पद्धतीवरच्या २०१४ च्या चाचणीत तीन महिन्यांनी ही मंडळी नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा पुढे होती, वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखे. म्हणजे जिना जमत नसेल तर ताण तरी सोडू नका. चुकतं ते एवढंच की लोक भराभर उड्या मारल्यासारख्या टाचा उचलतात आणि दहाव्या दिवशी सोडून देतात. घरातही मऊ चप्पल हवी, अनवाणी लादीवर चालत राहिलात तर व्यायामाचं पाणी होतं. आणि फिजिओथेरपिस्टने अल्ट्रासाउंडचं यंत्र लावून व्यायाम शिकवलाच नाही, तर तो मागून घ्या. टाचदुखीत त्या यंत्राच्या बाजूने पुरावा फार लंगडा आहे.

काही पाय मात्र तिघांपैकी कुणाकडेच न जाता आधी डॉक्टरांकडे गेले पाहिजेत. एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल तर मालिश अजिबात नको. आत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मधुमेह आणि पायाला बधिरपणा असेल तर काडी, वाटी, गरम पाणी तिन्ही बंद. भाजलेलं किंवा सोललेलं कळतच नाही आणि जखम चिघळते. तपासणी सोपी असते, १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ‘लागतं का’ विचारतात. तळपायांची आग हीदेखील नुसती उन्हाळ्याची म्हणून सोडू नका. साखर आणि बी-१२ बघून घ्या, विशेषतः घर पूर्ण शाकाहारी असेल किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर. वाटीने आग शमते, आणि नेमकी त्यामुळेच तपासणी सहा महिने लांबते. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दाब हलका ठेवायला आधीच सांगावं.

हे सगळं बघूनही रिफ्लेक्सॉलॉजीच हवी असेल तर दहाचं पॅकेज पहिल्याच दिवशी भरू नका. एक सिटिंग घ्या. मधुमेह, गोळ्या, गरोदरपण याबद्दल त्यांनी आपणहून विचारलं का, टॉवेल धुतलेला होता का, ‘जरा हळू’ म्हटल्यावर अंगठा खरंच हलका झाला का, एवढं बघा. तळवा दाबून आजार ओळखून दाखवू लागले, तर दुसऱ्या सिटिंगच्या पैशात काशाची वाटी घेऊन या.